शाळेची हद्द आणि घराची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषमतेचा विचार करू लागले की आपले लक्ष साहजिकच जमीन, कारखाना आणि बँक यांकडे वळते. आजचा विषय त्यामानाने अगदी किरकोळ वाटेल. अमेरिकेत कोणत्या घरातील मुलाने कोणत्या सरकारी हायस्कुलात जायचे, हे एका नकाशावरून ठरते. घर रेघेच्या अलीकडे असेल तर ही शाळा, पलीकडे असेल तर ती. हा नकाशा बदलण्याचा प्रस्ताव आला की एरवी राजकारणाच्या वाटेला न जाणारे आईबाप कामधाम सोडून सभागृह भरून टाकतात, रात्री उशिरापर्यंत भाषणे चालतात, रस्त्यारस्त्यांवर फलक लागतात आणि वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. एका रेघेवरून एवढे रण का माजावे? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, आणि समतेच्या चळवळीत काम करणाऱ्यांनाही तो टाळता येण्यासारखा नाही.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. ‘सरकारी शाळा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गरिबांच्या मुलांची शाळा उभी राहते. अमेरिकेत तसे नाही. तेथील दहांतील सुमारे नऊ मुले सरकारी शाळेतच शिकतात, आणि तीही विनाशुल्क. डॉक्टरचा मुलगा आणि त्या डॉक्टरच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईचा मुलगा, दोघेही सरकारी शाळेचेच विद्यार्थी. कागदावर यापेक्षा समतेची व्यवस्था ती कोणती! परंतु हे दोघे एकाच शाळेत जातात काय, हे विचारले की खरी हकीकत बाहेर येते. देशात सुमारे १३ हजार शाळा-जिल्हे आहेत. बहुतेकांचे शिक्षण मंडळ लोकनियुक्त असते आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता कराचा असतो. म्हणजे रेघा दोन प्रकारच्या झाल्या. एक बाहेरची, शाळा-जिल्ह्याची. तिने पैसा अडतो. दुसरी आतली, एकाच जिल्ह्यातील दोन शाळांमधली. तिने माणसे अडतात. आईबापांचे भांडण बहुधा आतल्या रेघेवरून होते. पण ते समजायचे तर आधी बाहेरची रेघ पाहावी लागते.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात एजवुड नावाचा गरीब शाळा-जिल्हा होता. वस्ती बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. शेजारीच अलामो हाइट्स हा धनिकांचा शाळा-जिल्हा. १९६७-६८ या वर्षाचे आकडे न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेले आहेत. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची, तर अलामो हाइट्समध्ये ४९ हजार डॉलरहून अधिक. एजवुडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरत. अलामो हाइट्सचे लोक ८५ सेंट. गरीब अधिक दराने कर देत होते. आणि त्यांच्या पदरात पडे काय? स्थानिक करातून एजवुडला दर मुलामागे २६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्य आणि केंद्राची मदत मिळवूनसुद्धा एजवुडच्या मुलावर ३५६ आणि अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४ डॉलर खर्च होई. डिमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या कामगाराने इतर पालकांसह १९६८ साली दावा लावला. मार्च १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असे बहुमताचे म्हणणे पडले.

पुढच्याच वर्षी दुसरा घाव बसला. डेट्रॉइट शहरातील शाळांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण वाढत होते आणि गोरी कुटुंबे उपनगरांत निघून जात होती. खालच्या न्यायालयाने शहराबरोबर ५३ उपनगरी शाळा-जिल्ह्यांना एकाच योजनेत आणण्याचा आदेश दिला. जुलै १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो रद्द केला. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज त्यांना शहराच्या दुखण्यात ओढता येणार नाही, असा निर्णय झाला. थरगुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. १९५४ च्या सुप्रसिद्ध ‘ब्राउन’ खटल्यात कृष्णवर्णीय मुलांची बाजू लढविणारे वकील तेच. शाळांचे दरवाजे उघडायला लावणाऱ्या त्या विजयाला पुरती वीस वर्षे झाली होती, आणि बाहेरची रेघ न्यायासनाकडूनच पवित्र ठरविली गेली.

याचा परिणाम काय झाला, हे बॉस्टनने त्याच वर्षी दाखवून दिले. न्यायाधीश गॅरिटी यांच्या आदेशाने शहरातील मुलांना बसमधून एकमेकांच्या वस्त्यांतील शाळांत पाठविण्यास सुरुवात झाली. रॉक्सबरीच्या कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर साउथ बॉस्टनमध्ये दगड पडले. ती चित्रे जगभर गेली. त्या दगडफेकीमागे द्वेष होता. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्या दोन वस्त्यांची सांगड घालण्यात आली त्या दोन्ही गरीब होत्या, ही गोष्ट त्या चित्रांत दिसत नव्हती. आयरिश गोदी कामगाराच्या मुलाने कृष्णवर्णीय मजुराच्या मुलाशेजारी बसायचे, आणि दोघांच्याही शाळा मोडकळीस आलेल्या! न्यायाची किंमत अशा रीतीने गरिबांनी आपापसांत वाटून घेतली. शहराच्या वेशीबाहेरच्या सुखवस्तू उपनगरांना मात्र झळ लागली नाही, कारण बाहेरची रेघ मध्ये उभी होती. उपनगरात बसून साउथ बॉस्टनच्या अडाणी गोऱ्यांना नावे ठेवणे त्या काळी फारच सोपे होते.

मग बाहेरची रेघ आड येत नाही अशा ठिकाणी काय घडते? मेरिलँड राज्याचे उदाहरण त्यासाठी उपयोगी आहे. तेथे शाळा-जिल्हे काउंटीच्या हद्दीप्रमाणे आहेत: २३ काउंट्या आणि बाल्टिमोर शहर मिळून अवघे चोवीस. एका काउंटीत श्रीमंत वस्ती आणि साधी वस्ती दोन्ही असतात आणि शाळांचा पैसा एकाच अंदाजपत्रकातून येतो. त्यातली हॉवर्ड काउंटी ही देशातील अत्यंत संपन्न काउंट्यांपैकी एक. हिच्या मध्यभागी कोलंबिया नावाचे शहर आहे. जेम्स राउस या बांधकाम व्यावसायिकाने ते १९६७ साली वसविले. घर विकताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा केंद्रीय कायदा त्यानंतर एक वर्षाने आला. राउस यांनी आपल्या शहराचे दार आरंभापासूनच सर्व वर्णांना उघडे ठेवले होते. बंगले आणि भाड्याच्या सदनिका एकाच वस्तीत असाव्यात, मुलांनी चालत शाळेत जावे, इतकेच काय, टपालपेट्यासुद्धा एकत्र असाव्यात म्हणजे पत्रे काढताना शेजाऱ्यांची गाठ पडेल, अशी ती कल्पना होती. भांडवलदाराच्या स्वप्नांत असे स्वप्न क्वचितच सापडते. त्याचे श्रेय दिले पाहिजे.

पन्नास वर्षांनी तेथे काय दिसत होते? आरंभीच्या वस्तीतले वाइल्ड लेक हायस्कूल आणि शेवटी वसलेल्या भागातले रिव्हर हिल हायस्कूल या दोन शाळा एकमेकींपासून काही मैलांवरच्या. गरीब घरातील मुलांना शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळते. त्या मुलांची संख्या हे तेथे गरिबीचे माप धरतात. रिव्हर हिलमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, तर वाइल्ड लेकमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर. कोणी वाईट हेतूने रेघ आखली होती असे नव्हे. जुन्या वस्त्यांतील सदनिका जुन्या झाल्या, भाडी त्यामानाने कमी राहिली, तेथे कमी मिळकतीची कुटुंबे आली. नवी मोठी घरे दुसरीकडे झाली. काउंटीच्या पश्चिम भागात तर सार्वजनिक सांडपाण्याची वाहिनीच नेलेली नाही. आणि वाहिनी नसली की तेथे सदनिकांची इमारत उभी राहू शकत नाही, मोठ्या भूखंडावरचा बंगलाच उभा राहतो. वर्गीय विभाजनाचे काम गटाराची योजना करते, हे शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत सहसा सापडत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील शिक्षणाधीक्षक मायकेल मार्टिरानो यांनी प्रस्ताव मांडला. काही शाळांत दाटी झाली होती, काहींत जागा रिकाम्या होत्या. ही दाटी कमी करावी आणि त्याबरोबरच गरिबीचा भार शाळाशाळांत अधिक सारखा वाटावा, यासाठी सुमारे ५८ हजारांपैकी ७,४०० मुलांची शाळा बदलावी, असा तो प्रस्ताव होता. शाळांतील हे वर्गीय अंतर कमी करावे अशा आशयाचा ठरावही काउंटी कौन्सिलपुढे आला. येथे वर्ण न म्हणता गरिबी म्हटले आहे, हे ध्यानात घ्यावे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याचा वर्ण पाहून त्याला शाळा नेमून देण्यास बंदी केली. तेव्हापासून सुधारणेच्या बाजूचे लोक उत्पन्नाची भाषा बोलू लागले. समाजवाद्याला ती भाषा अधिक जवळची वाटेल. पण तेथे ती विचारांती नव्हे, कायद्याच्या अडचणीतून आली आहे.

यानंतर जे झाले त्याने तेथील लोकही चकित झाले. ही काउंटी बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देते. तेथील ग्रंथालयाने सभ्य वर्तनाची मोहीम चालविली आणि तिची चिकटपत्रे मोटारींवर मिरवतात. त्याच मोटारींतून लोक निदर्शनांना आले. मंडळाकडे पत्रांचा पाऊस पडला आणि काही पत्रांत उघड वर्णद्वेष होता. नियोजनासाठी काउंटीचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो. पालक आपल्या तुकड्याचा क्रमांक सांगून बोलू लागले. विरोधकांत गोरे होते तसे आशियाई वंशाचेही पुष्कळ होते. भारतातून गेलेल्या कुटुंबांची तेथे चांगली वस्ती आहे. समर्थकांतही सर्व वर्णांचे पालक होते, हेही नमूद केले पाहिजे. जुन्या कोलंबियातील कित्येकांना राउस यांच्या शहराची आठवण होती.

विरोध करणारे पालक काय म्हणत होते? त्यांची चेष्टा करून उपयोग नाही. युक्तिवाद नीट तपासले पाहिजेत.

पहिला युक्तिवाद जवळच्या शाळेचा. मूल घराजवळच शिकावे, तासभर बसमध्ये का बसावे? ऐकायला हे अगदी रास्त वाटते. पण इतिहासाची गंमत पाहा. कॅन्सस राज्यातील टोपीका गावात तिसरीतली लिंडा ब्राउन रेल्वेचे यार्ड ओलांडून बसथांब्यावर जाई आणि तेथून मैलभर दूरच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत पोहोचे. गोऱ्यांची शाळा तिच्या घरापासून सात चौकांवर होती. तिच्या वडिलांचे मागणे जवळच्या शाळेत प्रवेश मिळावा एवढेच होते! ज्या काळी मुलांना वेगळे ठेवण्यासाठी बस लागत असे, त्या काळी बसविरुद्ध कोणी सभागृहे भरली नाहीत. जवळची शाळा हे तत्त्व स्वतःहून ना समतेचे, ना विषमतेचे. वस्ती मिश्र असेल तर शेजारची शाळा माणसे जोडते. वस्तीच निवडक असेल तर तीच शाळा भिंत होते.

दुसरा युक्तिवाद अधिक प्रतिष्ठित आहे. मुलांना हलवू नका, त्यापेक्षा कमकुवत शाळा सुधारा, तेथे पैसा घाला. याला उत्तर शेजारच्याच माँटगोमेरी काउंटीने दिलेले आहे. तेथे १९७४ पासून असा नियम आहे की मोठी वसाहत बांधणाऱ्याने काही घरे परवडणाऱ्या किमतीत द्यावीत, आणि त्यांतील काही घरे सरकारी गृहसंस्था विकत घेऊन गरिबांना भाड्याने देते. त्यामुळे गरीब कुटुंबे श्रीमंत वस्त्यांतही विखुरली. कोणत्या कुटुंबाला कोठले घर मिळेल हे सोडतीसारखेच ठरे. म्हणजे एक नैसर्गिक प्रयोगच झाला. हेदर श्वार्ट्झ या संशोधिकेने २००१ ते २००७ या काळातील अशा सुमारे ८५० मुलांची प्रगती तपासली. याच काळात काउंटी आपल्या गरीब शाळांवर दर विद्यार्थ्यामागे जास्त पैसा खर्च करीत होती, तेथील वर्ग लहान केले होते, शिक्षकांना विशेष प्रशिक्षण दिले होते. तरीही सुखवस्तू शाळांत गेलेली गरीब मुले पुढे गेली. प्राथमिक शाळा संपेपर्यंत संपन्न मुलांशी असलेले त्यांचे अंतर गणितात निम्म्याने आणि वाचनात तृतीयांशाने कमी झाले. पैसा घालणे व्यर्थ आहे असा याचा अर्थ नाही. एजवुडच्या पालकांना कोणी तसे सांगू नये. पण हॉवर्डसारख्या ठिकाणी, जेथे अंदाजपत्रक एकच आहे, तेथे उरलेली विषमता डॉलरची कमी आणि सहवासाची जास्त आहे. वर्गात पुस्तके असणाऱ्या घरांतील मुले किती, अनुभवी शिक्षक कोठे टिकतात, वरच्या पातळीचे गणित घ्यायला पुरेसे विद्यार्थी आहेत काय, मुख्याध्यापकाला जाब विचारायला सवड आणि भाषा असलेले पालक किती आहेत, या गोष्टी अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाहीत.

तिसरा युक्तिवाद मात्र सर्वांत महत्त्वाचा, आणि तो व्यासपीठावरून दबक्या आवाजातच बोलला जातो. “आम्ही या शाळेसाठी हे घर घेतले.” सारे प्रकरण या एका वाक्यात आहे. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली मॅसॅच्युसेट्समधील घरांच्या किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती साधी होती. शाळेच्या हद्दीच्या रेघेलगतची, दोन्ही बाजूंची घरे घ्यायची. रस्ता तोच, बाजार तोच, कर तोच. फरक एवढाच की अलीकडचे मूल या शाळेत आणि पलीकडचे त्या शाळेत. परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील तर घराला सुमारे अडीच टक्के जास्त किंमत मिळते, असे त्यांना आढळले. तेव्हा विनाशुल्क म्हटल्या जाणाऱ्या शाळेचे शुल्क असतेच. ते शाळेच्या कचेरीत भरत नाहीत, घर विकणाऱ्याला भरतात. आणि एकदा भरले की ते खर्च राहत नाही, मालमत्ता होते. पुढच्या ग्राहकाकडून वसूल करता येते. सार्वजनिक शाळेचा चांगुलपणा अशा रीतीने खासगी खतात जाऊन बसतो. हा चांगुलपणा कोणी निर्माण केला? सगळ्या काउंटीच्या करदात्यांनी, भाडेकरूंनीसुद्धा. त्याचे भाडे मात्र रेघेच्या आतले मालक खातात. जमिनीच्या खंडाविषयी अर्थशास्त्र जे शिकविते तेच येथे लागू पडते.

म्हणून रेघ हलविणे म्हणजे मालमत्तेचे फेरवाटप होय. सभागृहातील माणसे आपल्या मुलांच्या मैत्रीविषयी आणि बसच्या वेळेविषयी बोलतात तेव्हा ती खोटे बोलत असतात असे समजण्याचे कारण नाही. पण तेवढ्याच तळमळीने दाटी झालेल्या शाळेतील वर्ग तात्पुरत्या खोल्यांत भरतात याबद्दल वर्षानुवर्षे कोणी का बोलत नाही, याचा उलगडा मालमत्तेच्या हिशेबानेच होतो.

येथे समाजवादी कार्यकर्त्याने एक चूक टाळली पाहिजे. रेघेच्या आतला प्रत्येक पालक मिरासदार नसतो. ज्याने वीस वर्षांपूर्वी स्वस्तात घर घेतले त्याला किंमतवाढ फुकट मिळाली. ज्याने गेल्या वर्षी तीस वर्षांचे कर्ज काढून तेच घर घेतले त्याने शाळेची पूर्ण किंमत मोजली आहे, आणि रेघ हलली तर ती किंमत त्याच्याच अंगावर येते. परदेशातून आलेले, नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, शिक्षणाशिवाय दुसरी पुंजी नसलेले कुटुंब बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याची भीती खरी आहे. त्याचा हक्क मात्र खरा नाही. कोणत्याही खरेदीखतात शाळा लिहून दिलेली नसते आणि हद्द बदलण्याचा अधिकार मंडळाकडे सदैव असतो. भीती खरी आणि हक्क खोटा, अशा माणसांशी कसे बोलायचे हे चळवळीला अजून नीट जमलेले नाही. त्यांना वर्णद्वेष्टे म्हणून मोकळे होणे सोपे. पण मग जे खरोखर वर्णद्वेष्टे आहेत त्यांच्याच कळपात त्यांना ढकलले जाते. वरच्या इयत्तांतील मुलांना जुन्या शाळेतच शिक्षण पुरे करू द्यावे, धाकट्या भावंडांची फाटाफूट टाळावी, बदल वारंवार न करता एकदाच विचारपूर्वक करावा, असल्या सवलती देता येतात आणि द्याव्यातही. घराची किंमत भरून देण्याचे वचन मात्र देता येणार नाही. विषमतेला भरपाई द्यायची म्हटली तर ती कधीच संपणार नाही.

आणि त्या सभागृहात कोण नव्हते? भाड्याच्या सदनिकेत राहणारे, रात्रपाळी करणारे, इंग्रजी अडखळत बोलणारे आईबाप. सुनावणीसाठी नाव नोंदवायचे, तीन-चार तास थांबायचे, मग काही मिनिटांत मुद्देसूद बोलायचे. ही साधने वर्गाप्रमाणे वाटलेली असतात. शिवाय भाडेकरूला रेघेत मालमत्ता नसते. रेघ त्याच्या बाजूने हलली तर वर्षा-दोन वर्षांत भाडे वाढून त्यालाच घर सोडावे लागेल, हेही तो जाणतो. ज्याचे नुकसान निश्चित आणि केंद्रित असते तो सभेला येतो; ज्याचा लाभ विखुरलेला आणि अनिश्चित असतो तो घरी राहतो. लोकशाहीचे सभागृह भरलेले असूनही असे अर्धवट असू शकते. सभागृहातील टाळ्या मोजून जनमत ठरविणाऱ्या सदस्यांना हे कळत नाही असे नाही, पण निवडणुकीला तेच टाळ्या वाजविणारे येतात.

२१ नोव्हेंबर २०१९ रोजी मंडळाने मतदान केले. सुमारे ५,४०० मुलांची शाळा बदलली. मूळ प्रस्ताव पातळ झाला, पण मोडला नाही. दाटी कमी करण्याचा भाग बराचसा टिकला, गरिबीच्या वाटपाचा भाग झिजला. ऑगस्ट २०२० मध्ये नवी हद्द अमलात यायची होती. तोपर्यंत महामारीने शाळांच्या इमारतीच बंद झाल्या होत्या. ज्या बससाठी एवढा कल्लोळ झाला ती निघालीच नाही. मुलांनी नव्या शाळेचा पहिला दिवस जुन्याच घरात, पडद्यासमोर बसून काढला. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, ज्याच्या घरी चौघांत एक यंत्र, हा भेद मात्र त्या दिवशीही होताच. तो पुसण्याचे सामर्थ्य हद्दीच्या रेघेत नव्हते.

म्हणूनच निष्कर्ष थोडा कडवट आहे. शाळेची रेघ ही घरांच्या रेघेची सावली आहे. माँटगोमेरीत जे साधले ते बसने साधले नाही. घरबांधणीच्या नियमाने साधले. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर तांबड्या रंगाने दाखवून धोक्याच्या ठरविल्या आणि पतपुरवठ्यातील भेदभावावर सरकारी शिक्का उमटविला. त्या रंगापासून आजच्या शाळांच्या हद्दीपर्यंत एकच धागा आहे. तरीही घरे मिश्र होईपर्यंत शाळांनी थांबावे असे म्हणता येत नाही. घर बांधायला दहा वर्षे लागतात, आणि मुलाचे हायस्कूल चार वर्षांत संपते.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे असे नकाशे काढावे लागत नाहीत. शुल्काचे पत्रकच नकाशाचे काम करते. परंतु शेजारची शाळा हे तत्त्व आपणही स्वीकारले होते. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ च्या अहवालात सर्वांसाठी समान शाळा-व्यवस्था आणि परिसरातील सर्व मुलांची एकच शाळा ही कल्पना मांडली. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. ती शिफारस कागदावरच राहिली. तिचा एक तुकडा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आला: खासगी विनाअनुदानित शाळांनीही प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात. येथे परिसर म्हणजे किती किलोमीटर, हा प्रश्न आला आणि रेघही आली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या कायद्याखालील नियमात दुरुस्ती केली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. शहरांत अशी शाळा कोठे नसते? म्हणजे जवळच्या शाळेचे तत्त्व येथे गरिबाच्या मुलाला श्रीमंतांच्या वर्गाबाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले, अगदी हॉवर्ड काउंटीतल्यासारखे. फरक एवढा की तेथे निदान जाहीर सुनावण्या झाल्या; येथे राजपत्रातील अधिसूचना पुरली, आणि सुखवस्तू पालकांना सभागृह भरण्याचेही कष्ट पडले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि जुलैत ती रद्दबातल केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले.

मध्यंतरी अर्ज मागविण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. ऑनलाइन अर्जात आईबापांनी आपले घर नकाशावर टिंब ठेवून दाखवायचे असते. त्या टिंबापासून शाळेचे अंतर मोजले जाते. झोपडपट्टीच्या गल्लीत ते टिंब नेमके कोठे ठेवावे हे अनेकांना कळत नाही, आणि चुकले तर शाळाही हुकते. प्रवेशाची यादी जुलैच्या उत्तरार्धात लागली. शाळा जूनमध्येच उघडल्या होत्या. पैसे भरून आलेली मुले महिनाभर वर्गात बसली होती, आणि सोडतीची वाट पाहणारी घरी होती.